पाच शालूंची कबुली

दादरच्या ‘सौभाग्य वस्त्रभांडारा’त सुमती त्रिलोकेकर काय काम करतात हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही, आणि नोकरमंडळींना ते कधी विसरता आलं नाही. त्या काउंटरमागे उभ्या राहत नसत. साधं पातळ, हातात कापडी पिशवी, अशा थाटात त्या दिवसभर दुकानात गिऱ्हाइकासारख्या फिरत. इथं एखाद्या खणाचा पोत बघ, तिथं लुगड्याचा काठ उलटून बघ. डोळे मात्र दुसऱ्यांच्या हातांवर. नऊवारीच्या ओच्यात, छत्रीच्या पोटात, तान्ह्या मुलाच्या दुपट्यात कापड कसं नाहीसं होतं ते त्यांना पाठ झालं होतं. कुणी सापडलीच तर तिच्या कोपराला हलकेच हात लावून त्या म्हणत, “बाई, जरा आत येता का? इथं नको बोलायला.” मग जिन्याखालच्या खोलीत बसून विचारपूस.

पाठारे प्रभूंच्या घरातली बाई असल्या कामाला कशी लागली, हा प्रश्न ठाकुरद्वारच्या शेजारणींनाही पडे. त्रिलोकेकरांची एके काळी गिरगावात मालकीची दोन घरं होती. वडिलांच्या हयातीतच ती हातची गेली आणि त्यांतल्याच एकात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या भाड्यानं घेऊन बिऱ्हाड राहिलं. पुढे वडील गेले, आई गेली. धाकटा भाऊ मनमोहन लग्नानंतर खारला ब्लॉकमध्ये राहायला गेला. “ताई, तूही चल,” असं तो म्हणाला होता. वहिनी काही म्हणाली नव्हती. सुमतीबाई राहिल्या. पस्तिशी उलटली होती, लग्नाचा विषय काढणारं कुणी उरलं नव्हतं, आणि पदरी मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. त्रेपन्न साली वस्त्रभांडाराचे मालक भाऊसाहेब पोतनीस यांना बायकांच्या विभागावर नजर ठेवायला ‘चांगल्या घरातली, पोक्त, कमी बोलणारी बाई’ हवी होती. तिन्ही गोष्टी जुळल्या.

शिकवायला भाऊसाहेबांनी कुशाबा शेलारांना आणलं. पोलिसांच्या गुप्त खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेला, भोईवाड्यात राहणारा, पांढऱ्या मिशांचा हा माणूस दर आठवड्याच्या सुट्टीला बंद दुकानात सुमतीबाईंचा तास घेई. कधी तो चोर होई, कधी गिऱ्हाईक.

“चेहरा बगू नका, बाई,” तो सांगे. “चेहरा खोटं बोलाया शिकल्याला असतो. हात बगा.”

नजर ठेवणं महिनाभरात जमलं. विचारायला शिकण्यात वर्ष गेलं. कुशाबा खोलीत दोन खुर्च्या मांडून दाखवी. “समोरचा आन दार यांच्या मधी आपुन बसायचं न्हाई. त्येला दार दिसू द्या. आन सवालात जवाब घालू नका. ‘पिशवीत घातलं का’ असं इचारलं की मानूस नुसतं हो म्हनतो. ‘मग काय झालं’ असं इचारा. त्येला त्येच्या वाटंनं येऊ द्या.”

“आणि तो बोललाच नाही तर?”

“तर तुमी गप बसा. मानसाला गप बसनं सोसत न्हाई. तुमी सोसलं की त्यो बोलंल.”

हे शेवटचं सुमतीबाईंना शिकवावंच लागलं नाही. संध्याकाळी घरी आल्यापासून दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये कंडक्टरकडे तिकीट मागेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. गप बसण्यात त्यांचा हात धरणारं दादरमध्ये कुणी नव्हतं. समोरच्या बाईनं रडावं, चिडावं, देवाच्या शपथा घ्याव्यात; सुमतीबाई हात मांडीवर ठेवून बसून राहत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग पदराआडून कापड बाहेर येई. त्या ते घडी करून बाजूला ठेवत, एक ओळ लिहून सही घेत आणि बाईला मागच्या दारानं सोडत. तीन वर्षांत त्यांनी पोलिसाला एकदाही बोलावलं नाही, याचा भाऊसाहेबांना अभिमान होता.

नोकर मात्र त्यांना जपून असत. जेवणाच्या सुट्टीत विक्रेत्या पोरी माडीवर गोल करून डबे उघडत, आणि त्या आल्या की गप्पा थांबत. कुणी लोणच्याची फोड पुढे करी, पण ती सासूला वाढल्यासारखी. सुमतीबाई मग डबा घेऊन खालच्या खोलीतच बसू लागल्या.

घराकडेही तेच. एका संक्रांतीला शेजारच्या सरोजिनी विजयकरांकडे हळदीकुंकू होतं. सुमतीबाई दारात दिसताच सरोजिनी हसत म्हणाली, “सुमतीताई आल्या हं, वाट्या-चमचे सांभाळा गं आपापले!” सगळ्या हसल्या. सुमतीबाईही हसल्या. पण पाटावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण खरोखरच सगळ्यांच्या हातांकडे बघतो आहोत, आणि बायकांनी आपापले हात पदराखाली घेतले आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही.

छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी एका संध्याकाळी रेडिओवरून आली आणि घटकाभरात रस्ते माणसांनी भरले. दुकानाच्या दर्शनी काचेवर दोन धोंडे बसले. मॅनेजर कमलाकांत राव ओरडले, “शोकेस रिकामी करा, शटर ओढा!” एकच धावपळ झाली, आणि ज्याला जशी वाट मिळाली तसा तो घरी पळाला. त्यानंतर चार दिवस कुणी घराबाहेर पडलं नाही. लालबाग-परळकडे गोळीबार चालू होता. गिरगावात सुमतीबाई खिडकीच्या फटीतून मोकळा रस्ता बघत बसल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी काही तास कर्फ्यू उठला. भाऊसाहेबांनी निरोप पाठवून जमतील तेवढी माणसं बोलावली आणि माल तपासायला घेतला. शोकेसमधून काढून कपाटात ठेवायचे पाच बनारसी शालू कपाटात नव्हते.

त्या कपाटाची किल्ली बकुळा घाडीकडे असे. बकुळा एकोणीस वर्षांची, लालबागच्या चाळीतली. बाप गिरणीत होता तो वारला, आई खानावळ चालवी, भाऊ दगडू गिरणीत बदली कामगार. दुकानात येऊन तिला वर्ष झालं होतं. बातमी आली त्या सोमवारी सगळ्यांत शेवटी कपाट तिनंच बंद केलं होतं. आज, कर्फ्यू उठल्यावर, ती लालबागहून चालत आली होती, केस नीट बांधलेले नव्हते, आणि तिचे हात थरथरत होते. सगळ्यांनी ते पाहिलं. सुमतीबाईंनीही पाहिलं.

“बाई, कर्फ्यू लागायच्या आत निकाल लावा,” भाऊसाहेब म्हणाले. “पोलिसांना सध्या आपली चोरी बघायला वेळ नाही.”

जिन्याखालच्या खोलीत बाराच्या सुमाराला दोघी समोरासमोर बसल्या. खुर्ची दारासमोर होती, कुशाबानं शिकवल्यासारखी.

“सोमवारी संध्याकाळी काय झालं?”

“दगड आले. मी कपाटाक कुलूप लावलंय नि गेलंय. शालू माझ्याकडे आलेच नाय, बाई.”

“मग?”

“मग काय? माका जाऊक होया. माका खरंच जाऊक होया.”

दुकानात जपून शुद्ध बोलणारी पोरगी घरच्या बोलीवर आली होती. सुमतीबाईंच्या अनुभवात याचा अर्थ एकच होता. त्या गप्प बसल्या. बाहेर मॅनेजरांचं ‘किती वाजले, किती वाजले’ चाललं होतं. बकुळा दाराकडे बघे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे, परत दाराकडे. पाऊण तास गेला. भाऊसाहेबांनी दारावर टकटक केली. तेव्हा सुमतीबाईंनी, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं.

“विकलेस का?” त्यांनी विचारलं.

बकुळानं त्यांच्याकडे पाहिलं. जणू कुणी वाट दाखवली.

“हो. विकले.”

“कुणाला?”

“रस्त्यावर. एका बाईला. नाव नाय ठाऊक.”

“पाचही?”

“हो. पाचही. आता सोडा.”

त्या उत्तरात काहीतरी पोकळ वाजलं. नळाची तोटी फिरवावी आणि नुसती हवा यावी, तसं. पण घड्याळात एक वाजत आला होता. सुमतीबाईंनी कागदावर तीन ओळी लिहिल्या, बकुळानं न वाचताच सही केली आणि धावत सुटली. तिला कामावरून काढल्याचं भाऊसाहेबांनी त्याच दुपारी जाहीर केलं. “माल जाऊ दे,” ते म्हणाले, “चोर गेला हे महत्त्वाचं.” सुमतीबाईंना त्या महिन्यात बक्षीस म्हणून इरकली पातळ मिळालं. त्यांनी ते नेसायला कधी काढलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवाळी उलटली, थंडीची चाहूल लागली, आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यातून ब्लँकेटं आणि शाली खाली काढायची वेळ आली. हमाल कोंडीराम शिडीवर चढला होता. त्यानं ब्लँकेटांचा गठ्ठा खाली दिला आणि मग, अगदी सहज, जुन्या चादरीत गुंडाळलेलं बोचकं पुढे केलं. “हे बी घ्या. शोकेसचं हाय.”

चादर उलगडली. पाचही शालू होते, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

सुमतीबाई शिडीच्या तळाशी उभ्या होत्या. “कोंडीराम, हे तू ठेवलंस?”

“व्हय. दगडं आली तवा साहेब वराडलं न्हाई का, शोकेस रिकामी करा म्हनून? मी पेटाऱ्यात टाकलं. काच फुटली तर वर सापडायचं न्हाईत कुनाला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी त्याच रातीला गावाकडं गेलो, साताऱ्याला. दोन म्हैन्यांनी आलो. मला कुनी इचारलंच न्हाई.”

खरंच विचारलं नव्हतं. तो परत येईपर्यंत प्रकरण मिटलं होतं. सही झाली होती. ज्याच्या हातून शालू शोकेसबाहेर आले त्या एका माणसाला विचारायचं राहून गेलं होतं, आणि सुमतीबाई तर विचारपूस करण्याचाच पगार घेत होत्या. त्या जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसल्या. या खेपेला त्या बकुळाच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिथून दार फार जवळ दिसत होतं.

संध्याकाळी त्या भोईवाड्यात कुशाबाकडे गेल्या. म्हातारा ओट्यावर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“तुमी सवालात जवाब घातला,” तो म्हणाला.

“हो.”

“आन कबुली मिळाल्यावर माल हुडकला न्हाई. कबुली म्हंजी निम्मं काम. मी सांगितलं व्हतं का न्हाई ते आता आठवत न्हाई.” मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “मी तर हात चालवून बी कबुल्या घेतल्यात, बाई. इंग्रजाच्या वक्ताला तसंच चालायचं. त्यातल्या किती खऱ्या, किती खोट्या, द्येव जाने. एकाच्या बी दारात मागारी गेलो न्हाई. तुमी जानार का?”

“जाणार आहे.”

“एकट्याच जावा,” तो म्हणाला. “मालकाला नेऊ नका.”

लालबागची ती चाळ शोधायला त्यांना दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावर बकुळाची आई जाईबाई भाकऱ्या थापत होती. खानावळीची माणसं अजून यायची होती. सुमतीबाईंनी नाव सांगितलं, तेव्हा तिनं तव्यावरून नजरही उचलली नाही.

“आता आणि काय घेवक इलात?”

“काही घ्यायला नाही आले. शालू सापडले. दुकानातच होते.”

भाकरी तव्यावर करपली. जाईबाईनं ती काढून बाजूला टाकली. “बकुळा कामावरसून येतली आता. तिका सांगा.”

बकुळा आली ती गिरणीच्या पाळीवरून. आता ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. सुमतीबाईंना बघून ती दारातच थांबली. सुमतीबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं: माळा, पेटारा, कोंडीराम. मग विचारलं, “बकुळा, तू हो का म्हणालीस?”

त्यांनी बाजूला सरून तिला आत यायला वाट दिली.

“दगडू दोन दिवस घरी नव्हता,” बकुळा म्हणाली. शब्द शुद्ध होते, दुकानातल्यासारखे. “मोर्च्यात गेला तो आलाच नाही. कुणी म्हणालं, गोळी लागली, के. ई. एम.ला नेलाय. मला वाटेत तिथे बघायचं होतं, पण मॅनेजरांचा निरोप होता, येणार नाही त्याची नोकरी गेली. म्हटलं, आधी तोंड दाखवू, मग बघू. आणि तुम्ही बोलेचनात. दोन वाजता परत कर्फ्यू. मग तुम्ही म्हणालात, विकलेस का. मला वाटलं, हो म्हटलं की सोडतील.”

“दगडू?”

“मांडीत गोळी होती. जगला. लंगडतो. त्या दिवशी मी पोचले तेव्हा तो वॉर्डात एकटाच होता.” तिनं केसांतला एक तंतू ओढून काढला. “गिरणीत रोज गेटवर झडती होते, बाई. पण सगळ्यांचीच होते. त्याची लाज नाही वाटत.”

चोरीच्या आळापायी आपलं जमत आलेलं लग्न मोडलं, हे तिनं सांगितलं नाही. ते जिना उतरताना शेजारच्या लक्ष्मी नावाच्या बाईनं, सुमतीबाई कोण हे न विचारताच, सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. “बकुळावरचा आळ खोटा होता, असं दुकानाच्या कागदावर लिहून द्या. आणि तिला परत बोलवा.”

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. “बोलवा हवं तर. पण लेखी कसं देऊ? दुकानाची अब्रू जाईल. आणि कबुली तर तिनंच दिली होती ना? घेतली तुम्हीच.”

“म्हणूनच म्हणते.”

“लेखी नाही,” ते म्हणाले. विषय संपला.

सुमतीबाईंनी मग साध्या कागदावर स्वतःच लिहिलं. तीन वेळा लिहून फाडलं. रविवारी सकाळी, चाळीत सगळे घरी असतात अशा वेळी, त्या पुन्हा लालबागला गेल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहिल्या. आवाज त्यांना वापरायची सवय नव्हती. पहिली ओळ कुणालाच ऐकू गेली नाही. लक्ष्मीनं आतून बायकांना हाका मारल्या. दगडू काठी टेकत दारात आला. मग त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं: “मी, सुमती त्रिलोकेकर, हे लिहून देते की बकुळा घाडी हिनं काहीही चोरलं नव्हतं. चूक माझी होती. मी तिच्या तोंडी शब्द घातला आणि नंतर तपास केला नाही.” खाली सही, तारीख, ठाकुरद्वारचा पत्ता.

बकुळानं कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला. “दुकानात नाही येणार मी,” ती म्हणाली.

“बरं.”

“चहा घेणार?” हे जाईबाईनं विचारलं, सवयीनं. सुमतीबाई ‘नको’ म्हणाल्या आणि निघाल्या. ट्रामच्या थांब्यापर्यंत त्यांना कुणी सोडायला आलं नाही, आणि कुणी यावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. तरी दोनदा मागे वळून पाहिलंच.

नोकरी त्यांनी सोडली नाही. पण पद्धत बदलली. कबुली मिळाली की त्या म्हणत, “आता माल कुठे आहे ते बघू,” आणि माल हाती आल्याशिवाय सही घेत नसत. विचारपुशीच्या आधी त्या एक प्रश्न हमखास विचारू लागल्या: “तुम्हाला आत्ता कुठे जायची घाई आहे का?” कुणाचं मूल शाळेतून सुटणार असे, कुणाचा नवरा जेवायला येणार असे. त्या म्हणत, “मग आधी जाऊन या.” यातल्या दोघी परत आल्या नाहीत. भाऊसाहेबांनी कुरकुर केली. सुमतीबाईंनी ऐकून घेतली.

पुढे कुशाबा थकला, आणि गिरगाव-दादरच्या आणखी दोन-तीन कापडवाल्यांनी आपल्याकडच्या बायका शिकायला सुमतीबाईंकडे पाठवायला सुरुवात केली. ठाकुरद्वारच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी सतरंजी पडू लागली. नलू, शकू, गंगुबाई अशा पाचसहा जणी येत. पहिल्या दिवशी त्या पाच शालूंची हकिकत सांगत, बकुळाचं नाव न घेता आणि स्वतःचं नाव घेऊन. एकदा नलूनं विचारलं, “बाई, मग तुम्हाला कसं वाटलं?” वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “पुढचं लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. तास संपला की बायका घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत जिना उतरत. सुमतीबाई सतरंजीची घडी घालताना ते आवाज रस्त्यावर वळेपर्यंत ऐकत. चहा करावा, थांबवून घ्यावं, असं दर वेळी मनात येई. एकदाच त्यांनी सहा कप मांडूनही ठेवले होते; पण गंगुबाईंना घरी दळण होतं, आणि एक निघाली की सगळ्या निघाल्या.

साठ सालच्या एप्रिलअखेर महाराष्ट्र होणार म्हणून दादर दिव्यांनी मढलं. वस्त्रभांडारावर रंगीत बल्बांच्या माळा, आत पेढ्यांचं ताट, आणि गिऱ्हाइकांची ही झुंबड. गर्दीचे दिवस म्हणजे सुमतीबाईंच्या कामाचे दिवस. दुपारी लुगड्यांच्या विभागात एक म्हातारी खांबाला टेकून उभी दिसली. हातात पिशवी, पदर घट्ट आवळलेला. सुमतीबाई जवळ गेल्या. म्हातारी दमली होती, एवढंच. त्यांनी स्टूल आणून दिलं आणि पाणी आणलं.

म्हातारी पाणी प्यायली आणि बोलायला लागली. ती सिन्नरहून आली होती, समारंभ बघायला. जावई वरळीच्या गिरणीत. नातवाला गोवर येऊन गेला. लेकीला हिरवं लुगडं हवंय पण हिरवा कुठला ते काही केल्या आठवत नाही. ती बोलत राहिली. सुमतीबाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. पलीकडे कोण काय उचलतंय तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“तुम्ही पण खरेदीला आलात वाटतं?” म्हातारीनं त्यांच्या पिशवीकडे बघत विचारलं.

“हो,” सुमतीबाई म्हणाल्या. “हिरवं म्हणजे पोपटी की गडद, ते आठवतंय का? चला, काढायला सांगू. मी पण बघते तुमच्याबरोबर.”